मेडिक्लेम आहे तरी क्लेम का अडकतो? या चुका टाळा

क्लेम हॉस्पिटलात अडकतो असं सगळ्यांना वाटतं, पण बऱ्याच वेळा तो तीन-चार वर्षं आधीच अडकलेला असतो, पॉलिसी घेताना फॉर्म भरला तेव्हाच, आपल्याला फक्त कळतं डिस्चार्जच्या दिवशी. कंपनी शेवटी कागदावर लिहिलेलं वाचते, तुमचं मन वाचत नाही. म्हणून प्रीमियम किती, नेटवर्कमध्ये किती हॉस्पिटलं यावर तासभर घालवण्याआधी कागदावर आपल्याबद्दल नक्की काय लिहिलं जातंय ते बघा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बीपी-शुगर लपवणं. आणि ही आपण एकटे करत नाही, एजंट मदतीला असतोच. "काका, ते काही लिहू नका, उगाच मेडिकल काढायला लावतील, प्रीमियम वाढेल." काका पण म्हणतात बरं, एक साधी गोळी तर चालू आहे, त्यात काय मोठं. आता तर फॉर्मवर सही पण नसते, एजंट त्याच्या मोबाईलवर पटापट सगळीकडे 'नाही' दाबत जातो आणि शेवटी तुमच्याकडे ओटीपी मागतो, आणि तो ओटीपी म्हणजेच तुमची सही. उद्या अँजिओप्लास्टी झाली आणि जुन्या कागदांत बीपीची गोळी सापडली की क्लेम तर जातोच, वर पॉलिसी पण रद्द होऊ शकते.

खरं सांगायचं तर आता लपवून फायदा फारसा उरलेलाच नाही. एप्रिल २०२४ पासून आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमाने आधीपासूनच्या आजारासाठीचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ३ वर्षं, आधी तो ४ वर्षं होता. म्हणजे खरं लिहिलंत तर फार तर ३ वर्षं थांबायचं आणि पुढे तोच आजार कव्हर. शिवाय पॉलिसी सलग ५ वर्षं चालू राहिली की त्यानंतर 'तुम्ही आजार सांगितला नव्हता' एवढ्या कारणावर कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पॉलिसी हातात आली की त्याला जोडलेली तुमच्याच फॉर्मची कॉपी उघडून वाचा. चुकीचं काही दिसलं तर लगेच ईमेल टाका, आणि पॉलिसीच पटली नाही तर मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, थोडेफार पैसे कापून बाकीचे परत मिळतात. हे ३० दिवस आपल्याकडे कोणी वापरतच नाही, पीडीएफ व्हॉट्सअॅपवर येते आणि तिथेच पडून राहते.

ॲडमिट होताना केस पेपरवर काय लिहिलं गेलं?

हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय. रात्री दोन वाजता पेशंटला कॅज्युअल्टीत आणलेलं असतं, घरचे घाबरलेले, ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो बीपी आहे का, कधीपासून, आणि सोबत आलेला मेहुणा ठोकून देतो, "असेल की सात-आठ वर्षं." डॉक्टर लिहून टाकतो. पॉलिसी असते चार वर्षांची, बीपी खरं तर निघालेलं असतं दोन वर्षांपूर्वी, पण आता डिस्चार्ज समरीत छापून आलं आठ वर्षं, आणि कंपनीच्या लेखी तुम्ही आजार लपवून पॉलिसी घेतली. मग कंपनीची पहिली क्वेरी (खुलासा मागणारं पत्र), दुसरी क्वेरी, जुने कागद आणा, फॅमिली डॉक्टरचं पत्र आणा.

खोटं लिहून घ्या असं म्हणत नाहीये, अंदाजाने बोलू नका एवढंच. नक्की माहीत नसेल तर "तारीख माहीत नाही, कागद बघून सांगतो" म्हणायचं. आजार पहिल्यांदा कळला तेव्हाचं प्रिस्क्रिप्शन किंवा लॅबचा रिपोर्ट फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. डिस्चार्ज समरी फायनल व्हायच्या आधी ड्राफ्ट मागून वाचा. चुकीचं लिहिलं गेलंच असेल तर केस पेपरवर खाडाखोड अजिबात करायला लावू नका, त्याने संशय वाढतो, उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर सही-शिक्क्यासह दुरुस्तीचं पत्र घ्या आणि सोबत तो जुना पुरावा जोडा.

तसंच ताप आला, अशक्तपणा आहे, "मेडिक्लेम आहे ना, मग ॲडमिटच करून टाका, सगळ्या टेस्ट होऊन जातील" हा प्रकार. फक्त तपासण्यांसाठी किंवा नुसतं निरीक्षणाखाली ठेवण्यासाठी झालेलं ॲडमिशन बहुतेक पॉलिसीत बसत नाही. ॲडमिट करण्याची गरज का होती हे समरीत स्पष्ट दिसायला हवं.

रूमचं भाडं: कापलं जातं ते फक्त भाडं नाही

समजा ५ लाखांची पॉलिसी आहे आणि रूमची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोजचे ५,००० रुपये. तुम्ही घेतली ८,००० ची, म्हटलं वरचे तीन हजार आपण भरू, चार दिवसांचे बारा हजार, ठीक आहे. पण कंपनी म्हणते तुमचा हक्क ८ पैकी ५ चा, मग डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे पण त्याच प्रमाणात. ही बिलं १,६०,००० झाली असतील तर मिळणार १ लाख. म्हणजे खिशातून बारा नाही, बहात्तर हजार. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना आणि आयसीयूच्या चार्जेसना ही प्रमाणात कपात लावता येत नाही असा नियम आहे, त्यामुळे बिलात तिथेही कात्री लागलेली दिसली तर भांडा. जमत असेल तर रूम भाड्याची मर्यादा नसलेलीच पॉलिसी घ्या, आणि मर्यादा असेल तर ॲडमिट करताना टीपीए डेस्कवर (हॉस्पिटलातला मेडिक्लेमचं काम बघणारा काउंटर) आधी विचारा की माझ्या पॉलिसीत कोणती रूम बसते. स्वस्त आणि सोपी म्हणून जी आरोग्य संजीवनी घेतात, तिच्यात पण रूमला विमा रकमेच्या २ टक्के आणि रोजची कमाल ५,००० अशी मर्यादा आहे, शिवाय प्रत्येक क्लेममधले ५ टक्के आपल्या खिशातून.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं नाही

इथे लोक हातपाय गाळतात. कॅशलेस, म्हणजे कंपनीने परस्पर हॉस्पिटलला बिल भरणं, नाही मिळालं तर त्याचा अर्थ बऱ्याच वेळा एवढाच असतो की हातात असलेल्या कागदांवरून कंपनीला आत्ता ठरवता आलं नाही. बिल भरून नंतर रिइम्बर्समेंटला टाकता येतं, फक्त नकाराचं पत्र जपून ठेवा. २०२४ च्या नियमाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी फायनल मंजुरी तीन तासांत, त्याहून उशीर झाला आणि त्यापायी हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. प्रत्यक्षात सकाळी डिस्चार्ज सांगतात आणि घरी पोचता पोचता दिवेलागण होते, पण हा नियम माहीत असला की टीपीए डेस्कवर आवाज जरा वेगळा निघतो. आधी हे विचारा की हॉस्पिटलने फायनल बिल किती वाजता पाठवलं, कारण उशीर बऱ्याचदा बिलिंगमध्येच झालेला असतो.

रिइम्बर्समेंटला टाकताना मेडिकलच्या प्रत्येक बिलामागे प्रिस्क्रिप्शन लावा. स्टेंट किंवा मोतीबिंदूची लेन्स बसवली असेल तर त्या पाकिटावरचा स्टिकर मागून घ्या, तो नसला की हमखास क्वेरी येते. ओरिजिनल देण्याआधी सगळं स्कॅन करा. आणि ॲडमिट व्हायच्या आधीच्या व घरी आल्यानंतरच्या तपासण्या-औषधांची बिलं, तेही पॉलिसीत ठराविक दिवसांपर्यंत मिळतं, कितीतरी लोक ते मागतच नाहीत.

पॉलिसी निवडतानाचं थोडक्यात. फक्त नोकरीतून मिळणाऱ्या कव्हरवर राहू नका, नोकरी गेली की ते पण जातं, आणि तेव्हा पन्नाशीत शुगरसकट नवीन पॉलिसी शोधत बसावं लागतं. आई-वडिलांना आपल्या फ्लोटरमध्ये (सगळ्या कुटुंबाची मिळून एकच पॉलिसी) घालू नका, प्रीमियम सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर लागतो, त्यांची वेगळी घ्या. टॉप-अप (बिल ठराविक रकमेच्या वर गेलं की लागू होणारं जादा कव्हर) घेताना सुपर टॉप-अपच घ्या: ५ लाखांच्या वरचा टॉप-अप आहे आणि वर्षात ४-४ लाखांची दोन बिलं झाली तर साधा टॉप-अप एक रुपया देणार नाही कारण तो प्रत्येक बिल वेगळं धरतो, सुपर टॉप-अप ८ ची बेरीज धरून वरचे ३ देईल. रिन्यूअलची तारीख चुकवू नका. ३० दिवसांची सवलत असते खरी, पण वर्षाचा हप्ता एकदम भरत असाल तर मधल्या दिवसांत झालेलं आजारपण कव्हर होत नाही.

अजून एक गोंधळ, आभा कार्ड म्हणजे विमा नाही. तो फक्त तुमच्या आरोग्याच्या रेकॉर्डचा १४ आकडी नंबर आहे. ५ लाखांचे उपचार आयुष्मान कार्डवर होतात, आणि ७० वर्षांवरच्या कोणालाही उत्पन्न न बघता ते काढता येतं. महाराष्ट्रात सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना पण आहे, गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा. पण महात्मा फुलेसाठी ॲडमिट होतानाच यादीतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राला (योजनेचा तिथे बसणारा माणूस) गाठा, आधी स्वतः बिल भरून नंतर योजनेतून पैसे मागू म्हणाल तर हात हलवत परत याल.

आणि एवढं करूनही क्लेम नाकारलाच तर फोनवर वाद घालू नका. पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा, कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल करा, आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रारींच्या पोर्टलवर पण तक्रार टाका. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारे विमा लोकपाल, मुंबईत आणि पुण्यात त्यांची ऑफिसं आहेत. वकील लागत नाही, फी नाही, ५० लाखांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणं चालतात, मात्र कंपनीच्या शेवटच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायला लागतं आणि तेच प्रकरण आधी ग्राहक कोर्टात टाकलेलं असेल तर लोकपाल घेत नाहीत, त्यामुळे आधी कुठे जायचं ते ठरवूनच अर्ज करा.