फियाटच्या डॅशबोर्डचा मूळ रंग: शोधायचा कसा, मारायचा कसा

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून बनलेली फियाट ११०० डिलाइट आणि तीच गाडी पुढे ज्या नावानं ओळखली गेली ती प्रीमियर पद्मिनी, या दोन्हींत, विशेषतः सुरुवातीच्या गाड्यांत, आत बसल्यावर उघडा पत्राच पत्रा दिसतो. डॅशबोर्ड पत्र्याचा, दाराच्या काचेभोवतीची चौकट पत्र्याची, खांबही पत्र्याचे. झाकायला प्लास्टिक नाही, त्यामुळे रंग चुकला तर लपत नाही. आणि तो नेहमी एकाच पद्धतीनं चुकतो. पेंटर मूळ रंग न शोधता बाहेरच्या बॉडीचा शेड आत मारतो, वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक चकाकता थर देतो आणि डॅशबोर्ड इतका चकाकतो की दुपारी त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत दिसतं. कारखान्यातून निघालेली गाडी अशी चकाकत नव्हती.

काम दोन भागांत आहे: मूळ रंग नेमका कोणता होता ते शोधणं, आणि मग तो कारखान्याच्या हातानं मारल्यासारखा मारणं. पहिल्या भागात घाई झाली तर दुसरा कितीही छान करा, उपयोग नाही.

दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवू नका

तीस-चाळीस वर्षांत गाडी दोन-तीनदा तरी रंगवली गेलेली असते, टॅक्सी म्हणून चालली असेल तर त्याहून जास्त. म्हणून नमुना घ्यायचा तो ब्रश किंवा स्प्रे गन पोचली नसेल अशा जागेवरून. ग्लोव्हबॉक्स काढल्यावर मागे दिसणारी डॅशबोर्डची आतली कड, मीटर काढल्यावर त्याच्या भोकाची किनार, अ‍ॅशट्रेची खाच, दाराचं रेक्झिनचं पॅनल उचकटल्यावर खालचा पत्रा, समोरच्या काचेच्या रबराखालची पट्टी, स्टिअरिंग कॉलमच्या क्लॅम्पखालचा भाग. डॅशबोर्डवर गणपती चिकटवलेला असेल तर त्याखालचा गोलही बघा. मात्र तिथला रंग मूर्ती चिकटवली त्या दिवसाइतकाच जुना, तो कारखान्याचाच असेल असं नाही.

जागा आधी साबणाच्या कोमट पाण्यानं आणि मग टर्पेंटाइननं पुसा. उदबत्तीचा आणि सिगारेटचा धूर क्रीम रंगाला सहज दोन शेड गडद करतो. फोटो काढताना शेजारी एक साधा पांढरा कागद ठेवा, नाहीतर कॅमेरा रंग स्वतःच्या मनानं बदलतो.

आता थर मोजा. लपलेल्या जागी ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं, पाणी लावून, पत्रा दिसेपर्यंत एक छोटा खळगा घासा. मग ८०० आणि १५०० नं त्याच्या कडा बाहेर पसरवत न्या, साधारण चार सेंटीमीटरचं वर्तुळ होईल इतकं. झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतील: मधे पत्रा, मग प्रायमर, मग पहिला रंग, मग पुढचे सगळे. प्रायमरला लागून असलेलं वलय आपल्याला हवं. पण त्या प्रायमरखाली किंवा वर पुट्टी दिसली तर ती जागा सोडून द्या. तिथे डेंटिंग झालंय, म्हणजे तो सगळा ढीग नंतरचा आहे. किमान तीन जागी वर्तुळं करा आणि तिन्हीकडे पहिलं वलय सारखं येतंय का ते बघा. डॅशबोर्डवर एक रंग आणि खांबांवर दुसरा निघाला तर दोन शक्यता. मुळातच दोन रंग असतील, किंवा डॅशबोर्ड भंगारातल्या दुसऱ्या गाडीतून आलेला असेल. डॅशबोर्ड दुसऱ्या गाडीचा असेल तर बोल्टांची भोकं आणि वायरिंगच्या क्लिपा अनेकदा नीट जुळत नाहीत, त्यावरून अंदाज येतो.

घासताना कोरडं घासू नका. जुन्या पिवळ्या, लाल रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. पाणी आणि मास्क हवाच, आणि घासलेला गाळ फडक्यानं टिपून बंद पिशवीत टाका.

अंधारात पिवळा, उन्हात पिवळा

इथे जाणकारही फसतात. लपलेला रंग उन्हापासून वाचलेला असतो हे खरं, पण म्हणून तो जसाच्या तसा राहिलेला असतो असं नाही. सिंथेटिक इनॅमलमध्ये तेलापासून बनलेलं रेझिन असतं आणि ते अंधारात पिवळं पडतं. ग्लोव्हबॉक्समागचा पांढरा किंवा फिकट क्रीम रंग त्यामुळे लोण्यासारखा दिसतो, आणि तोच शेड मिक्स करून मारला की गाडी आतून आजारी दिसते. उलट एनसी (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे आपल्या गॅरेजमधला ‘ड्युको’, उन्हानं पिवळा पडतो. त्याच्या बाबतीत लपलेली जागाच खऱ्याच्या जवळ असते.

म्हणून आधी रंगाची जात ओळखा. कापसाच्या काडीला एनसी थिनर लावून पहिल्या वलयावर अर्धा मिनिट दाबून धरा. रंग चिकट होऊन कापसावर सारखा उतरत राहिला तर एनसी. लगेच न उतरता हळूहळू मऊ पडला, फुगला किंवा सुरकुतला तर सिंथेटिक. काहीच झालं नाही तर तो बहुधा टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग; तसं असेल तर ते अलीकडचं काम, आणि तुम्ही अजून मूळ थरापर्यंत पोचलेला नाहीत.

सिंथेटिक निघालं आणि रंग फिकट असेल तर एखादा सुटा भाग, अ‍ॅशट्रेचं झाकण किंवा ग्लोव्हबॉक्सच्या दाराची आतली बाजू, कडक उन्हात ठेवा. अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलनं झाका. काही दिवसांत उघडा अर्धा उजळेल. रोज बघा. फरक वाढायचा थांबला की त्या उजळलेल्या भागावरून शेड घ्या. निळ्या-हिरव्या गडद रंगांत या पिवळेपणानं फारसं बिघडत नाही, हे सगळं क्रीम, पांढरा, राखाडी आणि फिकट निळा यांच्यासाठी.

शेड मोजायचं यंत्र वापरणार असाल तर नमुन्याची जागा सपाट आणि किमान रुपयाच्या नाण्याएवढी हवी. आधी कंपाउंड (रंग घासून उजळवायची पेस्ट) मारून वरचा मेलेला थर काढा आणि तीन वेगवेगळ्या जागी मोजणी घ्या. यंत्र जो फॉर्म्युला देतं तो सुरुवात म्हणून घ्या. शेवटचा निर्णय पत्र्याच्या तुकड्यावर मारलेल्या नमुन्याचा. तो वाळल्यावर मूळ रंगाशेजारी धरून सावलीतल्या दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखाली बघा. एका उजेडात जुळून दुसऱ्यात फाटला तर रंगद्रव्यं वेगळी पडलीत, फॉर्म्युला बदलायला सांगा. ‘वाळल्यावर जुळेल’ असं काउंटरवर म्हणतात, ते ऐकू नका.

चमक आणि जाडी

शेड बरोबर आला तरी चमक चुकली की रंग वेगळाच दिसतो. मूळ चमक कुठे वाचलेली असते? एखाद्या पट्टीखाली किंवा हँडलच्या तबकडीखाली, जिथे ना ऊन लागलं ना पॉलिश. तिथली चमक आणि नमुन्याची चमक खिडकीच्या उजेडात तिरपी धरून ताडून बघा. रंगात मॅटिंग पेस्ट (चमक कमी करणारी) वेगवेगळ्या प्रमाणात घालून तीन-चार नमुने मारा आणि चोवीस तास थांबूनच निवडा, ओला रंग नेहमीच जास्त चमकतो. साध्या रंगावर क्लिअर कोट देऊ नका. त्यानं येणारी काचेसारखी खोली त्या काळच्या एकथरी रंगात नव्हती.

मूळ रंगाची एकूण जाडी साधारण १०० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या, आसपास असते. जुन्यावरच प्रायमर, सरफेसर, दोन कोट आणि क्लिअर चढवले की ती तिप्पट होते. मग अ‍ॅशट्रे अडकते, ग्लोव्हबॉक्सचं दार कडेला घासतं, आणि स्विचच्या नटाखालचा रंग नट आवळताच तडकतो. म्हणून दिसणारा पत्रा पूर्ण सोलून काढणं बरं. फक्त ग्लोव्हबॉक्समागे तळहाताएवढा मूळ रंगाचा तुकडा टेप लावून तसाच ठेवा. पुढे कुणी शेडवरून वाद घातला तर पुरावा गाडीतच असतो.

सोलायचं नसेल तर एक नियम पाळा: सिंथेटिकवर थेट एनसी नको. एनसीचा थिनर खालच्या रंगाला उचलतो आणि सगळा डॅशबोर्ड सुरकुततो. मधे इपॉक्सी प्रायमरचा थर द्या.

मारताना

डॅशबोर्ड, दारांच्या चौकटी आणि खांब मिळून एक लिटर रंग पुरून उरतो. एनसी असेल तर रंगाइतकाच किंवा दीडपट थिनर. टू-के वापरणार असाल तर डब्यावर दिलेलं प्रमाण, बहुधा दोनास एक हार्डनर. टू-केमध्ये आयसोसायनेट असतात आणि साध्या मास्कनं भागत नाही, बाहेरून हवा देणारा मास्क हवा, आणि घराच्या गॅरेजमध्ये तो रंग मारूच नये. गनला १.३ मिमीचा नोझल, कोपऱ्यांसाठी ०.८ चा छोटा गन, दाब साधारण ३० पीएसआय, अंतर वीतभर.

पावसाळ्यात एनसी टाळा. थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगावर पांढरट धुरकट डाग येतात. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हे हमखास होतं. थिनरमध्ये थोडा रिटार्डर (थिनर उडणं मंदावणारा) घातला तर फरक पडतो, पण ऑक्टोबरपर्यंत थांबणं जास्त स्वस्त.

डॅशबोर्डची मागची बाजू गुळगुळीत आणि चकाकती करू नका. कारखान्यात गन पुढून फिरलेला असतो, मागे रंग विरत जातो आणि प्रायमर उघडा दिसतो. सोलण्याआधी हा विरत जाणारा भाग कुठून सुरू होतो त्याचे फोटो काढा आणि तसाच ठेवा. सीलिंगच्या रेषा, वेल्डिंगचे ठिपके पुट्टीनं भरून सपाट करायचा मोहही आवरा.

नॉबवरची अक्षरं पुन्हा उठवायची तर पांढरं इनॅमल टूथपिकनं खाचेत भरा, पाच-दहा मिनिटं थांबा, आणि टर्पेंटाइननं जेमतेम ओलावलेलं फडकं कडक पुठ्ठ्याभोवती ताणून एकाच दिशेनं पुसा. बोटानं पुसलं तर फडकं खाचेत शिरतं आणि अक्षर पोकळ होतं. एनसी थिनर इथे नको, तो नॉबच विरघळवतो. मीटरच्या डब्याची आतली बाजू पांढरी असेल तर पांढरीच ठेवा. रात्री बल्बचा उजेड तिच्यावरूनच तबकडीवर पसरतो.

स्टिअरिंगच्या भेगा आतल्या लोखंडी कडीभोवतीचं प्लास्टिक आकसल्यानं पडतात. नुसती पुट्टी दाबली तर महिन्याभरात परत दिसतात. भेग इंग्रजी व्हीच्या आकारात कडीपर्यंत रुंद करा, खोबरेल तेलाचा अंश जाईपर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, दोन भागांची इपॉक्सी भरा, दिवसभर वाळू द्या आणि १२०, २४०, ४०० नं घासा. मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग.

जोडणीआधी एनसीला किमान दोन दिवस द्या, सिंथेटिकला आठवडाभर. लवकर रबर बीडिंग बसवलं तर त्याचा ठसा कायमचा उमटतो. स्क्रू रंगवू नका, मूळचे प्लेटिंगवालेच साफ करून लावा. आणि मीटर, वायपर, हॉर्न यांच्या अर्थिंगच्या जागा रंगाआधी टेपनं झाकायला विसरलात तर तिथला रंग पत्र्यापर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून त्या बोल्टापर्यंत मल्टिमीटर लावून एक ओहमच्या आत येतंय का ते डॅशबोर्ड बंद करण्याआधीच तपासा.