कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात पक्षी पाहताना या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत कोकणात पक्षी पाहून परतणाऱ्यांकडून एक तक्रार दरवर्षी ऐकू येते: ‘खाडीवर दोन तास थांबलो, पण पक्षी नव्हतेच.’ त्याच खाडीवर, त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणीतरी चिखल्या, टिलवे (दोन्ही चिखलात चरणारे किनारपक्षी) आणि कुरव (सीगल) यांचे मोठे थवे पाहिलेले असतात. सायबेरियातून, मध्य आशियातून आणि तिबेटच्या पठारावरून आलेले हे पाहुणे ऑगस्टच्या अखेरीपासून थेट एप्रिलपर्यंत आपल्या किनाऱ्यावर वावरतात आणि आल्या दिवशी आपल्याला दिसले नाहीत, तर त्याचे कारण बहुतेक वेळा आपण निवडलेल्या वेळेत, जागेत किंवा वागण्यात असते. ही कारणे दुरुस्त होण्यासारखी आहेत, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

तिथी न पाहता निघणे

देशावरच्या तलावांसाठी ‘पहाटे उठा आणि सूर्योदयाला पोहोचा’ हा नियम पुरेसा असतो. समुद्रकिनाऱ्यावर आणि खाडीत तो पुरत नाही, कारण तिथल्या पक्ष्यांचा दिनक्रम सूर्यापेक्षा पाण्यावर अधिक चालतो. चिखल उघडा पडला की त्यातले किडे, शंख-शिंपल्यांतले जीव आणि लहान खेकडे टिपण्यासाठी ते पांगतात. पाणी चढू लागले की उरलेल्या चिखलाच्या पट्ट्यावर गोळा होतात. आणि पूर्ण भरतीला चिखल बुडाला की एखादा वाळूचा दांडा, मिठागराचा बांध किंवा खडकांची रांग गाठून विश्रांती घेतात. पूर्ण सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी खाडीवर गेल्यास पक्षी दूर पाण्याच्या कडेला ठिपक्यांसारखे विखुरलेले असतात आणि ते ‘नाहीत’ असे वाटते.

भरती-सुकतीचे तक्ते आता मोबाईलवर मिळतात, पण कोकणातल्या माणसाला त्याहून सोपे साधन ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ वाजता. ही वेळ सकाळ आणि रात्र दोन्हींना धरावी, कारण साधारण साडेबारा तासांनी पाणी पुन्हा भरते. खाडीच्या आत जसजसे जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाचा फरक गृहीत धरावा. मला ही रीत रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीवर पाग (फेकायचे जाळे) टाकणाऱ्या एका काकांनी शिकवली. सकाळी साडेनऊ वाजता कोरड्या चिखलाकडे दुर्बीण लावून उभा असलेला पाहून त्यांनी विचारले, ‘आज पंचमी ना? मग पाणी पावणेचाराला भरणार. आत्ता पक्षी काठाला कशाला येतील?’ दुपारी तीन वाजता परत गेलो, तेव्हा सकाळी क्षितिजाजवळ असलेले सगळे चिखले आणि टिलवे काठापासून हाकेच्या अंतरावर होते.

याच हिशेबातून सहलीचा दिवसही ठरवता येतो. एकादशी ते त्रयोदशी या तिथींना, मग पक्ष शुद्ध असो वा वद्य, भरती सव्वाआठ ते पावणेदहाच्या सुमारास पूर्ण होते. म्हणजे सूर्योदयानंतर पाणी चढत असते, पक्षी हळूहळू जवळ येत असतात आणि उजेडही चांगला असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि पाणी काठापर्यंत येते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे, म्हणजे कमी चढउताराचे, पाणी असते आणि चिखलाचा बराच भाग भरतीतही उघडा राहतो. मुंबईजवळ उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते आणि दक्षिणेकडे सिंधुदुर्गात हा चढउतार बराच कमी होतो, त्यामुळे उत्तरेकडच्या रुंद चिखलपट्ट्यांवर वेळ चुकल्याची शिक्षा मोठी असते.

ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांबाबत ही चूक विशेष होते. ही खाडी २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेली. ओहोटीला रोहित खाडीच्या चिखलात चरतात; भरतीत तो चिखल बुडाला की त्यांतले पुष्कळसे नवी मुंबईतल्या पाणथळ जागांवर जाऊन उभे राहतात. खाडी वाचवली आणि भरतीतले हे आसरे बुजवले, तर अभयारण्याचा उपयोग अर्धाच उरेल, हे रोहित पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवे.

एक सावधगिरी याच ठिकाणी सांगतो. पक्ष्यांच्या मागे चिखलात उतरू नये. खाडीचा चिखल पाय धरून ठेवतो आणि भरतीचे पाणी अनेकदा समोरून न येता मागच्या नाळीतून भरत येते.

संध्याकाळचा किनारा

आपला समुद्र पश्चिमेला आहे. संध्याकाळी गुहागरला किंवा तारकर्लीला समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यावर सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि प्रत्येक पक्षी काळी आकृती होऊन जातो. पायांचा रंग, चोचीचा रंग, मानेवरचा पट्टा यांतले काहीच कळत नाही. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, माडांच्या मागून वर येतो आणि तेच पक्षी रंगांसह दिसतात. खाडीच्या बाबतीत दोन्ही काठ आधी पाहून ठेवावेत आणि वेळेनुसार काठ निवडावा.

थवा उडवणे

सर्वांत गंभीर चूक ही आहे, आणि ती बहुतेक वेळा प्रेमापोटीच होते. भरतीच्या वेळी वाळूच्या दांड्यावर एका पायावर उभा असलेला थवा पाहून आपल्याला वाटते की पक्षी निवांत आहेत, आणखी दहा पावले पुढे गेले तर चालेल. मूठभर वजनाच्या त्या चिखल्याला मार्च-एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर उडून परत जायचे असते आणि त्यासाठी लागणारी चरबी तो याच काही महिन्यांत साठवतो. आपण त्याला उडवले की ती खर्ची पडते. आपल्यानंतर कुत्रा येतो, मग वाळूवर धावणारी चारचाकी येते, मग आणखी एक कॅमेरा येतो, आणि भरतीचे ते चार तास विश्रांतीविना जातात.

आपण फार जवळ आलो आहोत, हे पक्षी उडण्याच्या आधीच सांगत असतात. चरणारे पक्षी चरणे थांबवून माना वर करतात, झोपलेले चोच पिसांतून बाहेर काढतात, सगळा थवा एकाच दिशेला चालू लागतो, एखादा टिलवा तीक्ष्ण शीळ घालतो. यांपैकी पहिली खूण दिसताच थांबावे आणि दोन पावले मागे यावे. पक्षी जवळ हवे असतील तर चढत्या भरतीत काठावर आधीच जाऊन बसावे. पाणी त्यांना आपोआप आपल्याकडे आणते. या उपायाइतका परिणामकारक दुसरा उपाय मला आजवर सापडलेला नाही.

मांडव्याच्या किंवा राजपुरीच्या बोटीतून कुरवांना शेव, गाठ्या आणि वेफर टाकणे हीसुद्धा हानीच आहे. मीठ आणि तेल लावलेले ते खाणे मासे खाणाऱ्या पक्ष्यासाठी नाही. कुरव मनसोक्त पाहायचे असतील तर हर्णै बंदरात मासळी उतरते त्या वेळी जावे, किंवा मालवणकडे रापण (काठावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जात असताना थोडे दूर उभे राहावे. जाळे काठाला येऊ लागले की कुरव आणि सुरय (टर्न) दोन्ही जमतात. रापणकरांच्या दोरांच्या आणि कामाच्या मध्ये मात्र येऊ नये.

घरट्यांबाबत तर दुप्पट जपावे. काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, हिवाळ्यातच किनाऱ्याजवळच्या उंच झाडांवर घरटे करतो. धनेशाची मादी हिवाळा सरताना ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि तिचे अन्न पूर्णपणे नरावर अवलंबून असते. झाडाखाली माणसे थांबली तर नर फळे घेऊन आसपास घिरट्या घालत राहतो आणि ढोलीकडे येत नाही. अशा झाडाचा ठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नये, आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये.

नाव देण्याची घाई

हिवाळ्यातले पाणपक्षी बहुधा त्यांच्या साध्या, राखी-तपकिरी पिसाऱ्यात असतात, आणि पुस्तकातले ठळक चित्र मात्र विणीच्या पिसाऱ्याचे असते. त्यातून पहिला घोटाळा कुरवांचा होतो. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा, दोन्ही कुरवांची डोकी हिवाळ्यात पांढरी असतात व कानामागे गडद ठिपका असतो. तेव्हा डोके सोडून पंख पाहावेत. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोके काळी असून त्यांत पांढरे ठिपके असतात आणि प्रौढाचा डोळा फिकट असतो. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची बाहेरची पुढची कडा पांढऱ्या पाचरीसारखी चमकते आणि डोळा गडद असतो.

लहान चिखल्यांमध्ये मानेच्या मागची बाजू पाहण्याची सवय लावून घ्यावी. केंटिश चिखल्याच्या मानेभोवती पांढरी पट्टी पूर्ण फिरते, वाळूचिखल्यांना ती नसते. राखी चिखल्या आणि सोनचिखल्या यांत गल्लत झाली तर उडेपर्यंत वाट पाहावी. राखी चिखल्याच्या पंखांखाली, काखेत, काळा डाग स्पष्ट दिसतो. लाल टिलव्याच्या पंखाची मागची कडा उडताना पांढरी दिसते. खडकाळ किनाऱ्यावरचा पांढरा बगळा प्रत्येक वेळी छोटा बगळाच असतो असे नाही. समुद्री बगळ्याचा एक प्रकार काळपट राखी असतो, पण दुसरा पूर्ण पांढरा असतो. त्याची चोच जाड आणि पिवळट-तपकिरी असते, तर छोट्या बगळ्याची चोच सडपातळ आणि काळी असते. तपकिरी घारींत ब्राह्मणी घारीची पिल्ले मिसळलेली असतात, तिथे शेपटी पाहावी: साध्या घारीची शेपटी मागे दुभंगलेली आणि ब्राह्मणी घारीची गोलाकार असते.

एवढे करूनही नाव ठरले नाही, तर ‘लहान चिखल्या, सुमारे ४०’ अशी नोंद करावी. चुकीच्या नेमक्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी उपयोगी असते.

तळी आणि राया

सिंधुदुर्गातला धामापूरचा तलाव किंवा पाटचा तलाव पाहायला जाताना देशावरच्या उजनी धरणाच्या उथळ काठाचे चित्र मनात ठेवून गेल्यास निराशा होते. कोकणातली तळी पावसाने काठोकाठ भरतात आणि जानेवारीपर्यंत खोल राहतात, त्यामुळे उथळ चिखल हवा असलेले पक्षी तिथे उशिरा, पाणी ओसरल्यावर येतात. तोवर कमळांच्या पानांत निगुतीने पाहावे: अडई, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी तिथे असतात. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची शेपटी हिवाळ्यात गळून गेलेली असते, म्हणून अनेकांना तो समोर असूनही ओळखू येत नाही.

जंगलात उलट चूक होते. माणसे चालतच राहतात. कर्नाळ्याला किंवा फणसाडला पंधरा मिनिटे एकही आवाज येत नाही आणि मग एकदम कोतवाल, निखार, सुभग, सुतार आणि पर्णवटवटे यांचा मिश्र थवा डोक्यावरून सरकत जातो. अशा वेळी जागेवर उभे राहावे. जानेवारी-फेब्रुवारीत फुललेली सावर किंवा पांगारा सापडला तर तासभर तिथेच बसावे. भोरड्या, सूर्यपक्षी आणि पर्णपक्षी मधासाठी तिथे येत राहतात. तिबोटी खंड्या मात्र डिसेंबरात शोधू नये, तो पावसाळ्यातला विणीचा पाहुणा आहे. देवराहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या राईत, शिरण्यापूर्वी गावातल्या जाणत्यांना विचारावे आणि तिथली पायताण काढण्याची रीत पाळावी. आंब्याच्या बागेतून वाट असेल तर राखणदाराला विचारल्याशिवाय जाऊ नये; मोहोरावर फवारणी चालू असण्याचे हे दिवस आहेत.

दुर्बीण ‘खराब’ असणे

पुष्कळदा दुर्बीण बिघडलेली नसते, जुळवलेली नसते. उजवा डोळा झाकून डाव्या डोळ्याने दूरची पाटी मधल्या चक्राने स्पष्ट करावी. नंतर डावा झाकून, मधले चक्र न हलवता, उजव्या भिंगाजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करावी. चष्मा असल्यास डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या आत फिरवाव्यात. एवढे केल्यावरही एकाच्या जागी दोन प्रतिमा दिसल्या तर भिंगांची जुळणी हलली आहे, आणि ती दुरुस्तीला द्यावी. हातात स्थिर राहणारी ८ पट दुर्बीण थरथरणाऱ्या १२ पट दुर्बिणीपेक्षा अधिक दाखवते. वातानुकूलित गाडीतून उतरताच भिंगांवर वाफ धरते, म्हणून दुर्बीण पिशवीतच दहा मिनिटे राहू द्यावी. खारे तुषार कोरड्या फडक्याने पुसल्यास मिठाचे कण भिंगावर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने धूळ उडवून मग भिंगाच्या द्रवाने ओले केलेले मऊ कापड फिरवावे.

नोंदीत राहून जाणाऱ्या गोष्टी

बहुतेक वह्यांत तारीख, जागा आणि पक्ष्यांची नावे असतात. पाणी कोणत्या अवस्थेत होते हे नसते, आणि त्याशिवाय किनाऱ्यावरच्या दोन नोंदींची तुलना करता येत नाही. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घ्यायचा असेल, तर ही सवय आधीपासून असावी. पक्ष्याच्या पायात कडे किंवा रंगीत पट्टी दिसली तर रंग, पाय डावा की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली, आणि अक्षरे वाचता आल्यास तीही लिहावीत व मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावीत. जवळ जाऊन ती वाचण्याचा हट्ट करू नये. ज्या दिवशी खरोखरच काही दिसले नाही, त्या दिवसाचेही पान कोरे ठेवू नये. तारीख, तिथी, भरतीची वेळ आणि पुढे ‘एकही नाही’ असे लिहावे.