आधी काय बदलायचं: ॲम्प्लिफायर की स्पीकर?

थोडे पैसे साठलेत आणि घरच्या स्टिरिओचा आवाज मनासारखा येत नाही, मग आधी ॲम्प्लिफायर बदलू की स्पीकर, असं मला नात्यातले, ओळखीचे लोक कायम विचारतात. बहुतेक वेळा मी स्पीकरच सांगतो. कारण साधं आहे. आजचा बऱ्यापैकी ॲम्प्लिफायर आवाजात स्वतःची भर फार घालत नाही. स्पीकर घालतो, आणि दोन स्पीकरमधला फरक शेजारच्या खोलीत बसूनही कळतो. पण खिशात हात घालण्याआधी थोडी तपासणी करा. एक साधा मल्टीमीटर आणि तुम्हाला तोंडपाठ असलेलं एखादं रेकॉर्डिंग एवढं पुरतं.

आधी बिघाड वेगळा काढा. एका बाजूचा आवाज कमी येत असेल, मध्येच जात असेल, खरखरत असेल, तर सगळं बंद करून प्लग काढा आणि ॲम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून लावा. खरखर दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर स्पीकर निर्दोष आहेत. तिथेच राहिली तर स्पीकर किंवा त्याची वायर. स्पीकर निर्दोष ठरले असतील तर वायरी पूर्ववत करा आणि आता प्लेअरकडून येणाऱ्या आरसीए पिना (सहसा लाल-पांढऱ्या) ॲम्प्लिफायरच्या बाजूला उलटसुलट लावा. खरखरीने पुन्हा बाजू बदलली तर दोष प्लेअरचा किंवा केबलचा. नाही बदलली तर ॲम्प्लिफायरचा. फक्त व्हॉल्यूम फिरवतानाच खरखर होत असेल तर बहुधा आत धूळ बसलेली असते. कॉन्टॅक्ट क्लीनरने ती जाते, त्यासाठी नवा ॲम्प्लिफायर घेऊ नका.

मग स्पीकरची जाळी काढा. वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, शंकूसारख्या पडद्याभोवतीची गोल पट्टी, म्हणजे सराउंड, फोमची आहे की रबराची ते बघा. फोमची असेल तर बोटाने अगदी हलकं दाबा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जुना फोम कुजतो. बोटाला काळपट, चिकट भुगा लागतो, कधी पट्टी जागच्या जागी फाटते. असा वूफर खालच्या सुरांवर फडफडतो आणि लोक ॲम्प्लिफायरला दोष देतात. स्पीकर मुळात चांगला असेल तर नुसता सराउंड बदलून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत चौकशी केलीत तर कारागीर मिळेल.

आता खरा प्रश्न. बिघाड काही नाही, तरीही समाधान नाही.

माझ्या मावसभावाचंच बघा. डोंबिवलीत त्याचा छोटा हॉल, ४० वॉटचा ॲम्प्लिफायर, चार इंची वूफरचे छोटे स्पीकर. आवाजात दम नाही म्हणून त्याला १०० वॉटचा हवा होता. मी त्याला कागदावर गणित मांडून दाखवलं. पॉवर दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. ४० चे १०० केले तर जेमतेम ४ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर! उलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये तो किती मोठा वाजतो ते, ८५ वरून ९० डेसिबलवर गेली, तर त्याच ४० वॉटमध्ये त्याहून जास्त मिळतं. हा आकडा स्पीकरच्या मागे किंवा माहितीपत्रकात असतो. वॉटच्या आधी तो वाचा.

शिवाय त्याचे स्पीकर होते शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड, गुडघ्याच्या उंचीवर. ते बाहेर काढले, ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, कानाच्या पातळीवर येईल असे स्टुलांवर ठेवले, भिंतीपासून हातभर पुढे ओढले, मधल्या उघड्या फरशीवर सतरंजी टाकली. तोच ख्याल पुन्हा लावला. आधी डग्ग्याचा प्रत्येक ‘घे’ एकच ‘ढम’ होऊन घुमत होता. आता तळहात सरकतो तशी त्यातली मींड ऐकू यायला लागली. हे झाल्यावर जी उणीव उरते, ती स्पीकरची. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तानपुऱ्यात खर्जाचं मूळ कंपन साधारण ६९ हर्ट्झचं असतं. चार इंची वूफरला तिथपर्यंत जोरात पोचणं अवघड जातं. खर्ज कळतो, पण त्याचं वजन येत नाही. ते कुठलाही ॲम्प्लिफायर भरून काढू शकत नाही. त्याने साडेसहा इंची वूफरचे स्पीकर घेतले आणि ॲम्प्लिफायर तोच ठेवला.

ॲम्प्लिफायर कधी बदलावा? तुमच्या नेहमीच्या आवाजातच तबल्याच्या जोरकस थापेला, तारसप्तकातल्या तानेला आवाज फाटत असेल, आणि सराउंड ठीक असेल, तेव्हा. फाटलेला आवाज तसाच चालू ठेवू नका, त्यात ट्वीटर जळतात. दुसरं कारण ४ ओहमचे स्पीकर. ओहम म्हणजे विजेला होणारा रोध; तो कमी असला की ॲम्प्लिफायरवर भार जास्त येतो. मल्टीमीटरने स्पीकरचा रेझिस्टन्स मोजा, वायरी सोडवून. सहाच्या आसपास आला तर स्पीकर बहुधा ८ ओहमचा, तीन-साडेतीन आला तर ४ चा. तुमच्या ॲम्प्लिफायरवर ‘किमान ८ ओहम’ लिहिलं असेल आणि तो तापून बंद पडत असेल, तर ॲम्प्लिफायरच बदला.

दुकानात तुलना करताना एक हट्ट धरा: दोन्हींचा आवाज सारखा करून मागा. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला चांगला वाटतो, आणि तोच विकला जातो. दोन ॲम्प्लिफायर एकाच स्पीकरवर ऐकायचे असतील तर १०० हर्ट्झचा टोन लावून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा, दोन्हीकडे सारखे करा, मगच ऐका. स्पीकरच्या वायरसाठी मात्र महागड्या केबलची गरज नाही. घरगुती अंतराला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर भरपूर होते. उरलेले पैसे स्पीकरमध्ये घाला.