झाडांचा छोटा फिश टँक लावताय? मासे सगळ्यात शेवटी
बाऊल नको, निदान २०-३० लिटरचा टँक घ्या, पाणी कमी असलं की पटकन बिघडतं. वाळू धुऊन टाका. झाडं अनुबियास नाहीतर जावा फर्न, सहसा मरतच नाहीत, फक्त त्यांचं आडवं जाड खोड वाळूत पुरू नका, सडतं, दोऱ्याने दगडाला बांधा, मुळं आपोआप पकड घेतात. लाइट ६-८ तास बास, जास्त ठेवलात की काचेवर शेवाळ आलंच समजा. नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) हवंच. आणि मासे लगेच नाही हां! फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर फिशफूड टाका, ते कुजून अमोनिया होतो, माशांना विषच, आणि तो संपवणारे बॅक्टेरिया वाढायला ४-६ आठवडे सहज लागतात, पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेही विषारी, नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग दोन-तीन मासे सोडा.