पहिलं पुस्तक अडतं ते खात्री करण्यात

समजा, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या तालमीवर लिहिताय. आजोबांची कुस्ती रंगात आलीय आणि मध्येच शंका येते, खासबाग मैदान नक्की कधी बांधून झालं? तुम्ही मोबाईल उचलता. १९१२ हे उत्तर मिळतं, पण तोवर तासभर गेलेला असतो आणि कुस्ती जिथल्या तिथं.

असं करू नका. तिथं कंसात ‘साल बघणे’ एवढंच लिहा, लाल पेननं गोल करा आणि पुढचं वाक्य धरा. जोर, बैठका, हौद्यातली तांबडी माती, वस्तादांचा आवाज हे तुमच्याकडं आहे, ते आधी कागदावर येऊ द्या. कच्चा खर्डा शेवटच्या पानापर्यंत गेला की सगळे लाल गोल एका वहीत उतरवा आणि १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन बसा. दहा-बारा शंका एका बैठकीत सुटतात. तालमीतल्या जुन्या माणसांना विचारायचं ते मात्र लवकर विचारा, त्यात चालढकल नको.

आणि पहिलं प्रकरण परत परत सुधारत बसायचं नाही. त्याची खरी सुरुवात बहुतेक वेळा शेवट लिहून झाल्यावरच सापडते.