नियमित म्हणजे किती वेळा?

विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांच्या पालकांना काउन्सिलकडून, म्हणजे स्थानिक पालिकेकडून, हक्काची मदत मिळवून देण्याच्या कामात मी लंडनमध्ये शिरले, तेव्हा या कामाला मुख्यतः कणव लागते अशी माझी समजूत होती. कणव लागतेच, पण दिवसाचा बहुतेक वेळ कागद वाचण्यात जातो, आणि एकच परिच्छेद चौथ्यांदा वाचायचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी इकडे येण्यापूर्वी नीट विचार करावा.

माझी सुरुवात स्वयंसेवक म्हणून झाली. इंग्लंडमध्ये प्रत्येक काउन्सिलच्या हद्दीत पालकांना मोफत आणि निःपक्ष सल्ला मिळण्याची सोय असणे कायद्याने बंधनकारक आहे. या सेवेला सगळे 'सेंडियास' म्हणतात. तिचा खर्च काउन्सिलच उचलते. ज्यांच्याविरुद्ध दाद मागायची त्यांच्याच पैशावर चालणारी माणसे आपल्या बाजूने काय बोलणार, ही शंका पालक पहिल्याच भेटीत काढतात. ती रास्त आहे, तिचा राग मानू नये. वकिलीची पदवी लागत नाही. डीबीएस तपासणी (गुन्ह्यांची नोंद नाही ना, याची) आणि 'इप्सिया' या संस्थेचे कायदेविषयक प्रशिक्षण एवढ्या शिदोरीवर माझे पहिले वर्ष निघाले.

कायदा 2014 चा आहे, 'चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्ट'. त्यातले कलम 36(8) अक्षरशः पाठ करावे. मुलाला विशेष शैक्षणिक गरजा आहेत किंवा असू शकतात का, आणि त्यासाठी ईएचसी प्लॅनमधून (मुलाच्या शिक्षण, आरोग्य आणि देखभालीच्या गरजा व सोयी नोंदवणारा काउन्सिलचा दस्तऐवज) सोय करणे आवश्यक ठरू शकते का, एवढ्या दोनच प्रश्नांवर मुलाच्या गरजांचे मूल्यांकन करायचे की नाही हा निर्णय व्हायला हवा. नकाराच्या पत्रांत मात्र 'मानसशास्त्रज्ञाचा अहवाल जोडलेला नाही', 'अद्याप निदान झालेले नाही', 'शाळेने आणखी काही महिने प्रयत्न करावेत' अशी कारणे आढळतात. यांपैकी एकही अट कायद्यात नाही.

मराठी कुटुंबांच्या बाबतीत याला एक वेगळीच बाजू येते. महाराष्ट्रात परीक्षेतल्या सवलतींसाठी प्रमाणपत्र लागते, त्यामुळे पुण्याहून आणलेली लॅमिनेट केलेली प्रमाणपत्रे आई-वडील मोठ्या विश्वासाने पुढे ठेवतात आणि इथे त्याने आपोआप काहीच मिळत नाही म्हटल्यावर खचतात. तो कागद पुरावा म्हणून जरूर जोडावा. पण निर्णय मुलाला वर्गात काय जमत नाही यावर होतो, त्याला कोणते नाव मिळाले आहे यावर नव्हे. याउलट, 'घरी मराठी बोलता म्हणून मूल मागे आहे, थोडे थांबा' असे सांगून परत पाठवलेले पालकही भेटतात. घरची भाषा वेगळी एवढ्याच कारणाने मुलाला शिकण्यात अडचण आहे असे मानू नये, असे कलम 20(4) म्हणते. परंतु जे मूल मराठीतही दोन शब्दांपलीकडे जात नाही, त्याची अडचण इंग्रजीची नाही, हे आजीला विचारले तरी कळते. म्हणून आजीचे निरीक्षणही अर्जात तारखांसह लिहून घ्यावे.

व्हिसावर परिणाम होईल का, हा प्रश्न हमखास येतो. ईएचसी प्लॅन हा 'पब्लिक फंड्स'मध्ये, म्हणजे व्हिसावरच्या लोकांना सहसा घेता न येणाऱ्या सरकारी लाभांमध्ये, मोडत नाही, एवढे सांगून थांबावे. नोंदणी नसताना कुणाला इमिग्रेशनचा सल्ला देणे इथे गुन्हा आहे, आणि आपुलकीच्या भरात ती रेषा ओलांडली जाते.

मुदती भिंतीवर लावाव्यात. अर्ज केल्यापासून मूल्यांकनाबाबतचा निर्णय 6 आठवड्यांत आणि अंतिम प्लॅन 20 आठवड्यांत. मसुद्यावर मत देण्यासाठी पालकांना किमान 15 दिवस. ट्रायब्युनलकडे (काउन्सिलच्या निर्णयांवर दाद मागण्याचे न्यायाधिकरण) अपील निर्णयाच्या पत्रापासून 2 महिन्यांत किंवा मध्यस्थीच्या प्रमाणपत्रापासून 1 महिन्यात, यांपैकी जे नंतरचे असेल ते. अपिलाला फी नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

आता माझी चूक सांगते. पहिल्यांदाच एकटीने हाताळलेल्या प्रकरणात, सात वर्षांच्या मुलाच्या प्लॅनमध्ये स्पीच थेरपीपुढे 'रेग्युलर अ‍ॅक्सेस' असे लिहिलेले होते. मला ते बरे वाटले आणि मी आईला होकार द्यायला सांगितले. वर्षभरात थेरपिस्ट दोनदा आल्या. तक्रारीला अत्यंत सभ्य उत्तर आले: प्लॅनमध्ये अ‍ॅक्सेस लिहिला आहे, आणि तो दिलेला आहे. कलम 42 प्रमाणे प्लॅनच्या एफ विभागात लिहिलेली शैक्षणिक सोय पुरवणे काउन्सिलला टाळता येत नाही, पण तिथे मोजता येण्याजोगे काही लिहिलेलेच नसेल तर आपण पुरवून घेणार तरी काय?

तेव्हापासून मी मसुदा दोन रंगांच्या हायलायटरनी वाचते. बी विभागातली प्रत्येक गरज पिवळी, एफ विभागातली तिची सोय हिरवी. जोडी न मिळालेली पिवळी ओळ म्हणजे काउन्सिलला लिहायच्या पत्रातला एक मुद्दा. हिरव्या ओळीत कोण, किती वेळा, किती मिनिटे, किती मुलांच्या गटात, याची उत्तरे नसतील तर तोही मुद्दा. स्पीच थेरपी आरोग्याच्या जी विभागात ढकललेली असेल तर ती एफमध्ये आणायला सांगावे, कारण कलम 21(5) नुसार जी सोय मुलाला शिकवते ती शैक्षणिकच धरली जाते, आणि ट्रायब्युनलचा बंधनकारक आदेश बी, एफ आणि शाळेच्या आय विभागापुरताच असतो. आरोग्याबाबत ते केवळ शिफारस करू शकते.

त्याच मुलाच्या वार्षिक पुनरावलोकनात आम्ही पुन्हा बसलो. मुलाची आई प्लॅनची दोन पाने टेबलावर शेजारी शेजारी ठेवून गप्प होती. मग 'रेग्युलर'वर बोट ठेवून तिने बैठकीतल्या अधिकाऱ्यांना विचारले, "म्हणजे कोणत्या वारी?" आठ आठवड्यांनी आलेल्या सुधारित प्लॅनमध्ये लिहिले होते: आठवड्यातून एकदा, 40 मिनिटे, प्रत्यक्ष थेरपिस्टकडून, एकट्याने.