इंदूरच्या दौऱ्यात ओआरएस जवळ ठेवा
दिवसभर मीटिंगा आणि रात्री सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत गराडू, भुट्ट्याचा कीस, वर शिकंजी. मोह आवरत नाहीच, म्हणून बॅगेत ओआरएसची दोन पाकिटं असू द्यात. जुलाब लागले की बहुतेकांची चूक एकच: मोठं, साधारण २१ ग्रॅमचं पाकीट पेलाभर पाण्यात ओततात. ते १ लिटरसाठी असतं. घट्ट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढतं आणि जुलाब वाढतात. पाण्याची १ लिटरची सीलबंद बाटलीच मापाला घ्या. प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर, घोट घोट प्या. उरलेलं २४ तासांनी फेकून द्या. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ताप किंवा शौचात रक्त असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी न घेता डॉक्टर गाठा.